बॅरल गोठवून ग्रुप लहान होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायची नेमबाजी, खेळते. .२२ ची मॅच रायफल आहे, तीन वर्षं वापरलेली. रेंजवर कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत बॅरल ‘क्रायो’ करून घेतात, उणे १९६ अंशांवर दिवसभर ठेवतात, मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा पसारा, वीस टक्क्यांनी लहान होतो आणि बॅरल दुप्पट टिकते. वडील विचारताहेत, करून घ्यावं का?

करू नका. ते पैसे गोळ्यांचा लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेली खेप, निवडण्यावर खर्च करा.

आता कारणं सांगतो. माझं आयुष्य हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांपुढे गेलं. शेवटची काही वर्षं आमच्याकडे द्रव नायट्रोजनवर चालणारा क्रायोचा चेंबरही होता आणि त्याच्यावर आम्ही चांगले पैसे कमावले. म्हणजे क्रायो हे थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. डी-२ या टूल स्टीलचे पंच, हायस्पीड स्टीलची हत्यारं, बेअरिंगच्या रिंगा, मापं तपासायचे स्लिप गेज असे जॉब आले की मी स्वतः गिऱ्हाइकाला ‘सब-झिरो करून घ्या’ म्हणायचो. रविवारी रेंजवर पालथा पडून मी .२२ ही चालवली आहे, बेताचीच. तेव्हा दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

थंडी पोलादाला नेमकं काय करते, इथून सुरुवात करावी लागेल. पोलाद लालबुंद तापवलं की त्याची आतली रचना बदलते, तिला ऑस्टेनाइट म्हणतात. ते तेलात झपकन थंड केलं की ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं आणि पोलाद कडक होतं. जुने लोहार ‘पाणी दिलं’ म्हणतात ते हेच. मात्र हा बदल किती वेळ गेला यावर चालत नाही, तापमानावर चालतो. एका ठरावीक तापमानाला तो सुरू होतो आणि जितकं खाली जाल तितका पुढे सरकतो. मधेच थांबलात तर तोही जवळजवळ तिथेच थांबतो, मग तास काढा नाहीतर दिवस. हा बदल कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार हे मुख्यतः पोलादातल्या कार्बनवर ठरतं. कार्बन जितका जास्त, तितकं शेवटचं तापमान खाली. डी-२ मध्ये दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. त्यात हा शेवट खोलीच्या तापमानाच्या बराच खाली, शून्याच्याही खाली जातो. त्यामुळे तेलातून काढलेल्या डी-२ च्या पंचमध्ये पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत ऑस्टेनाइट न बदलता पडून राहू शकतं. आम्ही त्याला रिटेन्ड ऑस्टेनाइट म्हणतो. घरगुती भाषेत सांगायचं तर लाह्या फोडल्यावर तळाशी उरतात ते गणंग.

हे गणंग त्रासदायक असतात. मऊ असल्याने झिजतात, आणि कधीतरी पुढे वापरात स्वतःहून फुटतात. तसं झालं की जॉबचं माप बदलतं, कारण मार्टेन्साइटला ऑस्टेनाइटपेक्षा जास्त जागा लागते. स्लिप गेजमध्ये मायक्रॉनचा असा फरक परवडत नाही. म्हणून अशा जॉबला हार्डनिंगनंतर लगेच उणे ८० किंवा त्याखाली न्यायचं. उरलेले गणंग फुटतात, मग टेम्परिंग करायचं, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढायचा. हे शास्त्र जुनं आहे आणि त्यात वाद नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे डीप क्रायो, उणे १८५ ते १९६ पर्यंत नेऊन वीस-चोवीस तास धरून ठेवणं. इथे दावा असा की इतका वेळ थंडीत ठेवलं की मार्टेन्साइटमध्ये पुढच्या टेम्परिंगसाठी अतिशय बारीक कार्बाइडची, म्हणजे धातू आणि कार्बनच्या कडक कणांची, बीजं तयार होतात आणि झीज कमी होते. जपानी संशोधकांनी १९९४ साली बारा टक्के क्रोमियमच्या, १.४ टक्के कार्बन असलेल्या टूल स्टीलमध्ये असे बारीक कार्बाइड दाखवले होते. त्याआधी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना टेक विद्यापीठातले रँडल बॅरन यांनी बरीच पोलादं उणे ८४ आणि उणे १९६ अशा दोन्ही तापमानांना ठेवून त्यांची झीज मोजली. टूल स्टीलमध्ये सुधारणा ठळक होती. स्टेनलेसमध्ये दोन तापमानांतला फरक दहा टक्क्यांच्याही आत. साध्या कार्बन स्टीलमध्ये आणि बिडात काहीच नाही. क्रायो विकणारे बॅरनच्या कामाचा पहिला भाग आवडीने सांगतात. बॅरलवाल्यांनी दुसरा भाग वाचायला हवा. आणि हेही लक्षात ठेवा की बॅरनने झीज मोजली होती. नेम मोजला नव्हता.

आता बॅरल कशाची असते ते पाहू. मॅच बॅरलचं पोलाद बहुतेक दोन घराण्यांतलं असतं. एक क्रोम-मॉली, म्हणजे अमेरिकन ४१४०, आपल्या वर्कशॉपच्या भाषेत साधारण ईएन-१९. त्यात कार्बन ०.४ टक्के. दुसरं ४१६ जातीचं स्टेनलेस, त्यात कार्बन ०.१५ टक्क्यांच्या आत. दोन्हीत कार्बन इतका कमी आहे की मार्टेन्साइटचा बदल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जवळपास आटोपलेला असतो. जे थोडंफार उरतं तेही पुढे टिकत नाही, कारण बॅरलचं पोलाद कडक ठेवतच नाहीत. क्रोम-मॉली साडेआठशेच्या आसपास तापवून तेलात मारतात आणि मग साडेपाचशे-सहाशे अंशांना टेम्पर करतात. शेवटी कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर २८ ते ३२ मिळतं. कानस लागेल इतपत मऊ. त्याहून कडक ठेवलं तर लांब भोक पाडताना आणि गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा काढताना हत्यारं रडतील, शिवाय प्रेशरखाली फुटायची भीती. उरलंसुरलं ऑस्टेनाइट या पोलादात दोनशे-तीनशे अंशांच्या टेम्परिंगमध्येच मोडून जातं. सहाशेला तर नाव राहत नाही.

म्हणजे पातेल्यात गणंगच नाहीत. पुन्हा विस्तवावर ठेवून काय फुटणार?

बारीक कार्बाइडचंही तसंच. तो परिणाम जिथे दिसला तिथे क्रम हार्डनिंग, मग क्रायो, मग टेम्परिंग असा होता. तयार बॅरलचं टेम्परिंग गिरणीत सळई बनली तेव्हाच झालेलं असतं, तेही वरच्या तापमानाला. कार्बाइड बनायचे ते तेव्हाच बनून, वाढून बसलेले असतात. त्यानंतर क्रायो करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

इथे एक दावा नेहमी कानावर येतो, ‘थंडीत अणू जवळ येतात, रचना घट्ट होते.’ येतात की जवळ. उणे १९६ पर्यंत गेल्यावर पोलाद साधारण ०.२ टक्के आकसतं. ६६० मिलिमीटरची बॅरल सव्वा मिलिमीटरने आखूड होते. आणि परत खोलीत आणली की सव्वा मिलिमीटरने लांब होते. सकाळी जशी होती तशी.

जास्त विचारपूर्वक केला जाणारा दावा म्हणजे स्ट्रेस रिलीव्हिंगचा, ताण सोडवण्याचा. याला जरा वेळ द्यायला हवा, कारण यात अर्धं सत्य आहे. बॅरलमध्ये कोंडलेले ताण हा खरा प्रश्न असतो. खाचा काढायच्या तीन मुख्य पद्धती. कटरने एकेक खाच कोरून काढणं, कार्बाइडचं बटण भोकातून दाबून ओढणं, आणि नळी मँड्रेलवर, म्हणजे आत घातलेल्या दांड्यावर, बाहेरून हातोड्यांनी ठोकणं. कोरण्यात ताण सगळ्यात कमी राहतो. बटणात आणि हॅमरिंगमध्ये धातू जबरदस्तीने सरकवला जातो, त्यामुळे आतला थर दाबलेला आणि बाहेरचा त्याला धरून ठेवणारा, अशी ओढाताण राहते. मग बाहेरून टर्निंग करून बॅरल बारीक केली की धरून ठेवणारा थर निघतो आणि आतलं भोक किंचित मोठं होतं. टोकाकडे जास्त बारीक केली असेल तर टोकाकडे जास्त मोठं. शिशाच्या .२२ गोळीसाठी हे वाईट. गोळी बाहेर पडताना नळीत हलकी आवळलेली असावी, टोकाला सैल पडू नये. म्हणून मुरलेले बॅरलवाले बटण ओढल्यावर आधी भट्टीत ताण सोडवतात आणि मगच बाहेरचं टर्निंग करतात.

ताण सोडवणं म्हणजे तरी काय? कोंडलेला ताण सुटायचा तर धातू त्या जागी थोडासा सरकला पाहिजे. सरकायचं तर तो मऊ हवा. म्हणून साडेपाचशे अंशांच्या वर तापवतात. तिथे पोलादाची ताकद उतरते, ताण ती ताकद ओलांडतो, धातू सरकतो आणि ताण विरतो. थंडीत नेमकं उलटं होतं. उणे १९६ ला पोलादाची ताकद वाढते, म्हणजे ताण आणखी पक्का धरून ठेवला जातो. थंडीने ताण हलवायचा तर एकच वाट आहे. आत आणि बाहेर तापमानात एवढा फरक पाडायचा की त्या फरकाने धातू ओढला जाईल. ॲल्युमिनियमच्या काही भागांना द्रव नायट्रोजनमधून काढून थेट वाफेच्या झोतात धरतात, ते याच तत्त्वावर. पण चांगला क्रायोवाला पोलादाला तसं कधीच करत नाही. तो तासन्तास हळूहळू खाली नेतो आणि हळूहळू वर आणतो, कारण झटका बसला तर तडा जाईल. हळू नेलं की फरक पडत नाही, फरक पडला नाही की ताण हलत नाही. ‘आम्ही अगदी सावकाश करतो’ आणि ‘ताण निघतो’ ही दोन वाक्यं एकाच माहितीपत्रकात वाचली की मला गंमत वाटते.

काही बॅरल बनवणारे टर्निंगच्या आधी क्रायो करतात हे खरं आहे. धातू नंतर कमी हलतो असा त्यांचा अनुभव असेल तर त्यांच्याशी मी भांडणार नाही. तो त्यांच्या प्रोसेसचा भाग आहे. पण तुमच्या हातातली बॅरल पूर्ण झालेली आहे. तिचं भोक, चेंबर (काडतूस बसतं ती जागा), टोकाची कड सगळं मापात बसलेलं आहे. ताण सुटून धातू खरंच सरकला असता, तर तो कोणत्या बाजूला सरकावा अशी तुमची इच्छा आहे? तयार बॅरलमध्ये काही हलणं ही आनंदाची बातमी नसते.

बॅरलचं आयुष्य हा विषय .२२ ला फारसा लागू नाही. .२२ ची बारूद थोडी, प्रेशर कमी, गोळी शिशाची. नीट साफ ठेवलेली बॅरल हजारो-हजारो राउंड चालते, खराब होते ती बहुतेक वेळा चुकीच्या सळईने साफ केल्यामुळे. मोठ्या काडतुसांच्या सेंटरफायर रायफलींना मात्र चेंबरपुढचा भाग, थ्रोट, जळून झिजतो. तिथेही क्रायोचा उपयोग कसा व्हावा हे मला समजत नाही. प्रत्येक फैरीला तिथल्या पृष्ठभागाचा अगदी पातळ थर काही मिलिसेकंदांसाठी इतका तापतो की तो परत ऑस्टेनाइट होतो, आणि खालचा थंड धातू त्याला लगेच क्वेंच करतो, झपकन थंड करतो. म्हणजे गोळी सुटताक्षणी तिथे स्वतःचीच एक बेशिस्त हीट ट्रीटमेंट होते, वर बारुदीच्या वायूतला कार्बन आणि नायट्रोजन त्यात शिरतो. त्या थराला आधी कुणी थंडीत ठेवलं होतं की उन्हात, याची आठवण पहिल्या काही फैरींतच पुसली जाते.

मग ज्यांना फरक दिसला ते खोटं बोलतात का? नाही. त्यांना फरक दिसतोच. या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि नेमबाज मंडळी इथेच घाईत असतात.

समजा एक रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, पक्की बांधली आहे, लॉट एकच, वारा नाही. पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी १५ मिलिमीटर येतो. म्हणून प्रत्येक ग्रुप १५ येणार नाही. गोळ्या ज्या पद्धतीने विखुरतात त्या गणितानुसार पाच गोळ्यांच्या ग्रुपचं माप सरासरीच्या साधारण २७ टक्के इकडेतिकडे डोलतं. म्हणजे १५ च्या रायफलमधून तीनातले दोन ग्रुप ११ ते १९ च्या दरम्यान येतील, आणि अधूनमधून ८ किंवा २३ सुद्धा येईल. रायफल तीच, काहीही बदललेलं नाही.

आता क्रायोच्या आधी पाच ग्रुप घेतले आणि नंतर पाच. बहुतेक लोक इतकेही घेत नाहीत, तीनावर भागवतात. पाच ग्रुपच्या सरासरीचा डोल उरतो साधारण १२ टक्के. आधीचा आणि नंतरचा दोन्ही डोल मिळून फरकाचा डोल १७ टक्के. म्हणजे बॅरलला काहीही न करता, नुसती पेटीत ठेवून परत काढली, तरी दर आठ लोकांत साधारण एकाला ‘वीस टक्के सुधारणा’ दिसेल. एकाला वीस टक्के बिघाडही दिसेल. बिघाड दिसलेला माणूस पैसे घालवल्यामुळे गप्प बसतो, किंवा ‘आज वारा होता’ म्हणतो. सुधारणा दिसलेला रेंजवर सगळ्यांना सांगतो, आणि तुमच्यापर्यंत तोच पोचतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. बॅरल क्रायोला कोण पाठवतं? ज्याचे गेले काही ग्रुप वाईट आलेत तो. रायफल तिच्या सरासरीपेक्षा वाईट चालली म्हणून तो वैतागला. पुढचे ग्रुप आपोआपच सरासरीकडे परततात, काहीही केलं तरी आणि काहीही नाही केलं तरी. सर्दीवर सातव्या दिवशी घेतलेला काढा नेहमीच गुणकारी ठरतो, तसंच.

आणि तिसरी गोष्ट तर मला सगळ्यात मोठी वाटते. क्रायो करायचं म्हणजे रायफल उघडावी लागते. बॅरल आणि ॲक्शन (बोल्टची यंत्रणा) स्टॉकमधून निघते. नळी तळापर्यंत साफ होते, चेंबरपुढे साचलेला शिशाचा आणि कार्बनचा थर निघतो. परत जोडताना ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आवळले जातात, जे कदाचित वर्षभरात कुणी पाहिलेलेच नसतात. .२२ मध्ये या एवढ्यानेच ग्रुप बदलू शकतो. श्रेय मात्र नायट्रोजनला मिळतं.

खरी चाचणी करायची तर किती गोळ्या लागतील? समजा दहा टक्के खरी सुधारणा आहे आणि ती पाचांत चार वेळा तरी पकडली जावी अशी आपली इच्छा आहे. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर हे करायला आधी ११०–११५ ग्रुप, म्हणजे साडेपाचशेच्या वर गोळ्या, आणि नंतर पुन्हा तितक्याच. त्यातूनही कळेल ते एका बॅरलबद्दल. बॅरल जातीचं काही कळायला हवं तर डझनभर बॅरली, निम्म्या क्रायो केलेल्या, निम्म्या न केलेल्या, आणि गोळ्या झाडणाऱ्याला कुठली कोणती हे माहीत नसलेलं. एवढा लॉट एका पेटीत मिळणार नाही आणि तेवढा पैसा कुठल्या बापाकडे नसतो. म्हणून ज्यांनी वीस टक्क्यांची ग्वाही दिली त्यांना एकच विचारा: किती ग्रुप घेतले होते?

विश्वास बसत नसेल तर घरी एक खेळ करून पाहा. खर्च शून्य. मुलीच्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटचे जुने प्रिंट काढा, एकाच लॉटचे, प्रोनचे. पाच-पाच गोळ्यांचे तुकडे करा, मापं लिहा, सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाका. डोळे मिटून पाच काढा, त्यांना ‘आधी’ म्हणा. आणखी पाच काढा, त्यांना ‘नंतर’ म्हणा. सरासरी काढा. चिठ्ठ्या परत डब्यात टाकून हे वीसदा करा. दोन-तीन वेळा तरी तुमची न केलेली क्रायो ट्रीटमेंट जबरदस्त यशस्वी होईल.

अशा मोजमापात ग्रुपच्या दोन टोकांच्या गोळ्यांवर सगळी भिस्त ठेवणं हेच मुळात वाया घालवणं आहे. टार्गेट प्रत्येक गोळीची आडवी-उभी जागा देतं. प्रत्येक गोळी ग्रुपच्या मध्यापासून किती लांब आहे ते काढा आणि त्याची सरासरी धरा. मग पाचाच्या पाच गोळ्या बोलतात. माहिती तीच, हिशेब जास्त भरवशाचा.

आता नेम खरंच कुठे हरवतो ते पाहू. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळी ५.६ ची. रेषेला नुसती शिवली तरी दहा, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा ६०० पैकी ५९७ होते, साठ गोळ्यांत तीनच गुणांची तूट. दशांशाच्या गुणांत ०.१ म्हणजे ०.८ मिलिमीटर. स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं ते ४५१.४ वर. गोळीमागे १०.२५ च्या थोडं वर सरासरी, म्हणजे गोळ्या केंद्रापासून सरासरी सहा मिलिमीटरवर. त्यात गुडघ्यावर बसून आणि उभं राहून मारलेल्याही आल्या. चांगली बॅरल आणि जुळलेला लॉट व्हाइसमधून याच्यापेक्षा बराच लहान पसारा देतो. म्हणजे जगातल्या तिसऱ्या नंबरच्या माणसाच्याही गुणांवर बॅरलने मर्यादा घातलेली नव्हती. ज्युनिअर मुलीच्या गुणांवर ती कशी घालेल?

लॉटबद्दल एवढं का सांगतोय तेही हिशेबाने सांगतो. मॅच गोळी साधारण ३३० मीटर प्रति सेकंदाने निघते. ५० मीटरला पोचेपर्यंत ती बारा-एक सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर टार्गेटवर उभा फरक सातेक मिलिमीटरचा. थोडी भरपाई नळीच्या कंपनातून होते, सगळी नाही. हा वेगातला सारखेपणा, शिशाच्या टाचेचा गोलपणा, ग्रीसचा थर हे सगळं लॉटनुसार बदलतं. एकाच पेटीवर तेच नाव, तीच किंमत, पण दोन लॉटमध्ये तुमच्या बॅरलला जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून एलेसारख्या गोळी बनवणाऱ्यांनी स्वतःच्या टेस्ट रेंज ठेवल्यात, तिथे तुमची बॅरल बांधून लॉटमागून लॉट झाडून पाहतात. जगातले वरचे नेमबाज क्रायोची नाही, लॉट टेस्टची अपॉइंटमेंट घेतात. आपल्याकडे इतकी सोय नसली तरी चार-पाच लॉटच्या दोन-दोन डब्या मिळवून, बाइपॉडवर किंवा व्हाइसमध्ये, बंद रेंजवर, प्रत्येकी चाळीस गोळ्या झाडणं अशक्य नाही. रायफल असोसिएशनमधल्या दोन-तीन घरांनी मिळून केलं तर खर्चही वाटला जातो.

दोन इशारे द्यायलाच हवेत, कारण प्रश्नाच्या शेवटी ‘इथेच कुठे करून मिळेल का’ असंही विचारलं आहे.

पहिला कायद्याचा. बॅरल हा नुसता लोखंडी जॉब नाही. आर्म्स ॲक्टच्या दृष्टीने शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात, आणि त्यावर काम करायला, दुरुस्तीलासुद्धा, परवाना लागतो. भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या कुठल्याही हीट ट्रीटमेंटवाल्याकडे बॅरल घेऊन गेलात तर तुम्हीही अडचणीत आणि तोही. आमच्याकडे असा एक गृहस्थ आला होता, पेपरात गुंडाळून आणलेली नळी घेऊन. चहा पाजून परत पाठवला.

दुसरा इशारा त्याहून गंभीर. गावाकडे गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचं कॅन असतं. त्यात बॅरल बुडवून पाहावी अशी ‘जुगाड’ कल्पना मी दोघांच्या तोंडून ऐकली आहे. कृपा करून नको. उबदार पोलाद त्यात गेलं की नायट्रोजन उसळतो, हात-डोळे भाजतात. बंद खोलीत तो हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. बॅरलला बसणारा झटका वेगळाच. काही .२२ रायफलींमध्ये बॅरल रिसिव्हरमध्ये चिकटवलेली असते, तो सांधा सैल पडू शकतो. गंधकवाली स्टेनलेस पोलादं तशीही कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतात. सांधा हलला की हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतुसामधलं ठरलेलं अंतर, गेला, आणि ते सुरक्षिततेचं काम आहे, नेमाचं नाही.

क्रायो बॅरलच्या जगात कुठे उपयोगी पडतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. चेंबर कापायचा रीमर. तो बहुतेक हायस्पीड स्टीलचा असतो, एम-२ जातीचा. हार्डनिंगनंतर त्यात गणंग भरपूर, धार टिकणं महत्त्वाचं, आणि एका रीमरने जितके चेंबर सारखे निघतील तितकं बरं. बॅरलवाल्याने टेम्परिंगच्या आधी क्रायो केलेला रीमर घ्यावा, मी पाठ थोपटेन. ज्या बॅरलमध्ये तो फिरला तिला मात्र थंडीत पाठवायची गरज नाही.

आता तुम्ही काय कराल ते सांगतो. टोकाची कड भिंगाखाली पाहा, एका बाजूला चेप असेल तर क्रायोच्या आधी तिचा विचार करावा लागेल. ॲक्शनच्या स्क्रूंना कंपनीने किती टॉर्क सांगितलाय ते रायफलच्या पुस्तकात बघा, टॉर्क रेंच लावा आणि तारखेसह वहीत लिहा. नळी बोअर गाइड (सळई मधोमध ठेवणारी नळी) लावूनच, मागून पुढे साफ करा. मुलगी सध्या कुठल्या लॉटवर आहे तो पेटीवरचा नंबर आणि मागच्या चार मॅचचे प्रत्येक गोळीचे आडवे-उभे आकडे पाठवा. आकडे असतील तर पसारा आडवा आहे की उभा ते कळेल. उभा असेल तर लॉट किंवा श्वास, आडवा असेल तर वारा किंवा ट्रिगर, तिरका असेल तर बहुतेक डाव्या कोपराखालची चटई. ते पाहून पुढचं बोलू.